कानातला बिल्ला : त्याला काय कळते, काय कळत नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका घरची गाय दगावली. तिसऱ्या वेताची, दोन्ही वेळचे मिळून दहा लिटर दूध देणारी. विमा उतरलेला होता, हप्ताही वेळेवर भरलेला होता. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी कागदावरचा क्रमांक वाचला, मग मेलेल्या गाईचा कान उचलून पाहिला. कानाला भोक होते, बिल्ला नव्हता.

“बिल्ला कुठे आहे, मावशी?”

“दोन महिन्यांमागे कुंपणाच्या तारेत अडकून निघाला. मी जपून ठेवलाय की.”

मावशी घरात गेल्या आणि फळीवरच्या डब्यातून बिल्ला घेऊन आल्या. क्रमांक कागदाशी बरोबर जुळला. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले व म्हणाले, “मावशी, नंबर बरोबर आहे. पण हा बिल्ला ह्याच गाईचा, हे मी कशावरून लिहू?”

ह्या प्रश्नाला मावशींजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते. पुढे दावा नामंजूर झाला.

त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. आज बिल्ले पुष्कळ झाले आहेत. गुरांच्या कानात बिल्ला, टोलनाक्यावर गाडीच्या काचेला बिल्ला, बँकेच्या कार्डात बिल्ला, मोठ्या दुकानात कपड्याला बिल्ला. ह्यांपैकी कित्येक बिल्ले हल्ली नुसते वाचायचे नसून रेडिओ लहरींनी “बोलणारे” असतात. हे बिल्ले काय करतात, त्यांचा आपल्याला उपयोग काय आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे, हे ह्या वेळी आपल्या शेती व आरोग्याच्या पानातून समजून घेऊ.

दोन तऱ्हेचे बिल्ले

आपल्याकडे सरकारी योजनेतून गाई-म्हशींच्या कानात जो पिवळा बिल्ला मारतात, तो बहुधा रेडिओचा नसतो. तो प्लॅस्टिकचा असून त्यावर १२ आकडी क्रमांक व काळ्या पट्ट्यांची खूण छापलेली असते. तो डोळ्यांनी वाचावा लागतो किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपावा लागतो. शेण-चिखलाने माखला, उन्हाने फिका पडला किंवा जनावर उभे राहिनासे झाले की वाचणाऱ्याची पंचाईत होते.

दुसरा प्रकार रेडिओ बिल्ल्याचा. त्याला आर.एफ.आय.डी. म्हणतात, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवण्याची पद्धत. ह्या बिल्ल्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक चिप असतो आणि त्याला जोडलेले तारेचे बारीक वेटोळे असते. वाचणारे यंत्र जवळ नेले की बिल्ला आपला क्रमांक सांगतो. तो चिखलाने माखलेला असला तरी चालतो आणि जनावर चालत असले तरी वाचता येतो.

बिल्ल्यात बॅटरी नसते, मग तो बोलतो कसा? सायकलचा डायनामो आठवा. चाक फिरले की डायनामो फिरतो व दिवा लागतो. चाक थांबले की दिवा विझतो. दिव्याची स्वतःची शिदोरी काही नसते. तसेच वाचणाऱ्या यंत्रातून सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र बाहेर पडते. बिल्ल्यातील वेटोळे त्या क्षेत्रात आले की त्यात किंचित वीज निर्माण होते. तेवढ्या विजेवर चिप जागा होतो आणि ठराविक तालाने त्या क्षेत्रावर कमी-जास्त भार टाकतो. यंत्राला तो ताल जाणवतो आणि तोच ताल म्हणजे क्रमांक. यंत्र दूर नेले की बिल्ला पुन्हा झोपी जातो.

लांबून वाचायच्या बिल्ल्यांची रीत थोडी निराळी आहे. रात्री गोठ्यात बॅटरीचा झोत टाकला की अंधारात गुरांचे डोळे चमकतात. डोळ्यांत दिवा नसतो. आपलाच उजेड परत येतो. लांबून वाचायचा बिल्ला असाच यंत्राची लहर परतवतो, मात्र परतवताना तिच्यावर आपल्या क्रमांकाची खूण उमटवतो.

तीन लांबीच्या लहरी

सगळीकडे एकच लहर वापरत नाहीत. जिथे जसे काम तिथे तशी लहर.

जनावरांसाठी संथ लहर लागते. तिची गती सेकंदाला १ लाख ३४ हजार २०० हेलकावे, म्हणजे १३४.२ किलोहर्ट्झ. मीडियम वेव्हवरच्या आकाशवाणीपेक्षाही ही संथ. ही लहर पाणी, मांस, चिखल ह्यांतून सहज पार होते, म्हणून जिवंत जनावरासाठी ती योग्य. मात्र ती जवळूनच वाचता येते. काही बोटांपासून फार तर हात-दीड हाताच्या अंतरावरून. जनावरांच्या रेडिओ बिल्ल्यांना जगभर एक नियम आहे. क्रमांक १५ आकडी असतो आणि त्यातले पहिले तीन आकडे देशाचे किंवा बिल्ला बनवणाऱ्या कारखान्याचे असतात. भारताचे आकडे ३५६.

दुसरी लहर १३.५६ मेगाहर्ट्झची. ग्रंथालयातील पुस्तके, मेट्रोची कार्डे, नव्या धर्तीचे पासपोर्ट आणि यंत्राला नुसते टेकवून पैसे देता येणारी बँकेची कार्डे ह्या लहरीवर चालतात. इथे जवळून वाचणे हाच गुण समजतात, कारण पैशाचे कार्ड लांबून वाचता येऊ नये.

तिसरी लहर ह्याहूनही जलद, आपल्या देशात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासची. ही काही मीटरांवरून वाचता येते व एका दमात अनेक बिल्ले वाचून होतात. गोदामे, मोठी दुकाने आणि टोलनाके येथे हिचा वापर होतो. परंतु पाणी व धातू ह्यांच्याजवळ ही लहर अडखळते.

हे आले कोठून

ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. परत येणाऱ्या लहरीच्या साह्याने संदेश पाठवता येईल, असा लेख अमेरिकेत हॅरी स्टॉकमन ह्यांनी १९४८ साली लिहिला होता. पण त्या वेळी चिप नव्हते, म्हणून ती कल्पना बराच काळ कागदावरच राहिली. १९७० च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेने तेथील शेती खात्यासाठी गाईगुरांवर प्रयोग केले. गाईची ओळख आणि तिच्या अंगाचा ताप हे दोन्ही रेडिओने कळावे, हा उद्देश होता. म्हणजे हे तंत्र दुकानात पोचण्याच्या कितीतरी आधी गोठ्यात येऊन गेले होते, हे आपण शेतकऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९८३ साली चार्ल्स वॉल्टन ह्यांना मिळालेल्या एका पेटंटमध्ये ह्या पद्धतीचे आजचे नाव आढळते.

व्यापाऱ्यांचे लक्ष वेधले ते २००३ साली. अमेरिकेतील वॉलमार्ट ह्या दुकानांच्या साखळीने आपल्या शंभर मोठ्या माल पुरवणाऱ्यांना सांगितले की, जानेवारी २००५ पासून खोक्यांना रेडिओ बिल्ले लावून माल पाठवा. सुरुवातीला अडचणी पुष्कळ आल्या. बिल्ले महाग होते आणि पाण्याच्या बाटल्या किंवा पत्र्याचे डबे असले की नीट वाचले जात नव्हते. तरी हळूहळू किमती उतरल्या. आज मालाला लावायचा साधा बिल्ला काही रुपयांत मिळतो. खेळाचे सामान विकणाऱ्या डेकॅथलॉनसारख्या दुकानात आपण पाहिले असेल की, सगळ्या वस्तू एका टोपलीत टाकल्या की एकेक न काढताच बिल तयार होते. वस्तू मोजायला माणूस लागत नाही, आणि कोठल्या दुकानात कोणत्या मापाचा सदरा संपला हे मालकाला तिथल्या तिथे कळते.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी चारचाकी आहे, त्यांना फास्टॅग ठाऊकच आहे. आपल्या देशात त्याची सुरुवात २०१४ साली प्रयोगादाखल झाली आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गावरच्या सर्व टोलनाक्यांवर तो आवश्यक झाला. बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना काचेवरच्या कागदी चिठ्ठीने पैसे आपोआप वळते होतात. पण ध्यानात घ्या, त्या चिठ्ठीत पैसे नसतात, गाडीही नसते. असतो तो केवळ क्रमांक. गाडीची नोंद आणि पैशाचे खाते दुसरीकडे असते. चिठ्ठी एका गाडीची व नोंद दुसऱ्या गाडीची झाली की रांगेत अडकून पडावे लागते.

आता पुन्हा मावशींच्या डब्यातला बिल्ला आठवा. दोन्हीकडे गोष्ट एकच आहे.

बिल्ला, जनावर आणि नोंद

ह्या साऱ्या विद्येत मुख्य गोष्ट हीच, असे आम्हाला वाटते. बिल्ल्याला फक्त आपला क्रमांक कळतो. तो कोणाच्या कानात आहे हे त्याला कळत नाही. गाय आजारी आहे की गाभण, तिला लस टोचली की नाही, ती कोणाची, हे त्याला ठाऊक नसते. हे सारे नोंदीत असते. आणि नोंदीलाही जनावर दिसत नाही. तिला फक्त क्रमांक दिसतो. म्हणजे बिल्ला, जनावर व नोंद ही तीन एकत्र बांधलेली असतील तरच ओळख खरी. त्यांतली एक गाठ सुटली की उरलेल्या दोहोंना काही किंमत राहत नाही, मग बिल्ला पिवळा असो की रेडिओचा.

ही गाठ नसली तर काय होते ते इंग्लंडने २००१ साली पाहिले. त्या वर्षी २० फेब्रुवारीस तेथे लाळ्या-खुरकूत रोग निश्चित झाला. रोगाचा उगम नॉर्थम्बरलंड परगण्यातील डुकरांच्या गोठ्यात झाल्याचे पुढे आढळले. रोग ध्यानात येण्याआधीच तो जवळच्या मेंढ्यांत शिरला होता, आणि त्या मेंढ्या हेक्सहॅम व लाँगटाउन येथील बाजारांतून ठिकठिकाणी गेल्या होत्या. मेंढ्यांत ह्या रोगाची लक्षणे फार सौम्य असतात. कोणती मेंढी कोणत्या कळपातून कोठे गेली, ह्याची एकेका मेंढीवार नोंद नव्हती. जनावरांची ने-आण २३ फेब्रुवारीस बंद करण्यात आली, पण तोवर रोग देशभर पसरला होता. तो आटोक्यात आणण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यांतली बरीचशी निरोगी होती. केवळ संशयावरून किंवा शेजारच्या शेतावर रोग होता म्हणून ती गेली. ह्या प्रसंगानंतर युरोपातील देशांनी मेंढ्या-शेळ्यांना एकेकटा क्रमांक देण्याचा नियम केला आणि २००९ च्या अखेरीपासून रेडिओ बिल्लाही आणला.

ऑस्ट्रेलियाने गाईगुरांसाठी हे काम आधीच हाती घेतले होते. व्हिक्टोरिया राज्यात २००२ पासून जन्मणाऱ्या वासरांना रेडिओ बिल्ला लागू झाला आणि २००५ पासून तो देशभर आला. तेथे जनावर एका शेतावरून दुसऱ्या शेतावर गेले की त्याची नोंद बदलावी लागते. मेंढ्या-शेळ्यांसाठीही १ जानेवारी २०२५ पासून तीच पद्धत आली आहे. अमेरिकेतही ५ नोव्हेंबर २०२४ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या ठराविक वर्गाच्या गुरांना लावायचे नवे सरकारी बिल्ले यंत्राने वाचता येणारे असावे लागतात. मोठ्या डेअऱ्यांत गाईच्या गळ्यात किंवा कानात असाच बिल्ला असतो. गाय दूध काढायच्या जागी आली की यंत्र तिला ओळखते, तिचे दूध तिच्या नावे मांडते व दुधाच्या मानाने खुराक देते.

आपल्या गोठ्याशी ह्याचा संबंध

आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून जनावरांच्या रोगनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस ह्या दोन रोगांवर त्यात भर आहे. त्यासाठी गाय, म्हैस, मेंढी, शेळी व डुक्कर ह्यांना १२ आकडी क्रमांक देण्यात येतो. आजवर तीस कोटींहून अधिक जनावरांना असे क्रमांक मिळाले आहेत. कर्नाटक असो, गोवा असो की महाराष्ट्र, नोंदीची व्यवस्था एकच आहे. म्हणून सीमेपलीकडच्या बाजारातून आणलेल्या गाईचीही मागची हकीकत त्या क्रमांकावरून कळू शकते. महाराष्ट्रात तर १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करण्यास बंदी आली आहे. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

ब्रुसेलोसिसविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण हा रोग गोठ्यातून घरात येतो. ह्या रोगाने गाय-म्हैस गाभडते, बहुधा गाभणपणाच्या शेवटच्या काही महिन्यांत. गाभडलेले वासरू, जार व त्या वेळचा स्राव ह्यांत जंतू फार मोठ्या संख्येने असतात. उघड्या हातांनी जार काढणाऱ्या माणसाला किंवा कच्चे दूध पिणाऱ्याला तो होऊ शकतो. माणसाला चढता-उतरता ताप येतो, रात्री घाम सुटतो, सांधे व कंबर दुखते, थकवा जात नाही. मलेरिया किंवा टायफॉइड समजून आठवडेच्या आठवडे निघून जातात. असा ताप रेंगाळला तर “आमच्याकडे गुरे आहेत आणि अलीकडे एक गाय गाभडली” हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. रोग औषधाने बरा होतो, पण औषध पुष्कळ दिवस, मध्ये न सोडता घ्यावे लागते.

ह्या रोगाची लस मादी वासरांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात टोचतात आणि ती आयुष्यात एकदाच. गाभण जनावराला ती देत नाहीत, कारण तिच्यानेच गर्भ जाण्याचा धोका असतो. लाळ्या-खुरकूताची लस दर सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. पण ही एकदाचीच. आता विचार करा, दोन वर्षांची कालवड आपण बाजारातून घेतली. तिला लहानपणी ही लस मिळाली होती का? कालवड सांगणार नाही. विकणारा “होय” म्हणेल. खरे काय ते फक्त कानातला क्रमांक आणि त्यापुढची नोंद सांगू शकते. म्हणजे हा बिल्ला केवळ विम्यासाठी किंवा सरकारसाठी नसून आपल्या घरातील माणसांच्या तब्येतीसाठीही आहे.

लोकांच्या मनातील शंका

रेडिओ बिल्ल्याच्या लहरींनी जनावराचे दूध आटते काय, असे आम्हाला विचारण्यात आले. बिल्ल्यात बॅटरी नसते. यंत्र जवळ असेल त्या क्षणापुरताच तो जागा होतो आणि त्याची शक्ती अत्यल्प असते. त्याने दूध आटत नाही. आटले तर वैरण, पाणी, कास आणि गोचीड ह्यांकडे पाहावे. मात्र बिल्ला मारताना होणाऱ्या जखमेची काळजी खरीच घ्यावी लागते. पावसाळ्यात माश्या बसतात व अळ्या पडतात. आठ-दहा दिवस रोज कान पाहावा, जंतुनाशक लावावे.

ज्यांच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारे यंत्र बसवले आहे, त्यांनी दुकानाच्या दारातील चोरी पकडणाऱ्या खांबांमधून नेहमीच्या चालीने निघून जावे. तेथे रेंगाळू नये, खांबाला टेकून उभे राहू नये. एवढी खबरदारी पुरेशी आहे.

टेकवून पैसे देण्याच्या कार्डाविषयी : जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतची रक्कम गुप्त आकडा न घालता जाऊ शकते. ज्यांना ही सोय नको असेल त्यांनी बँकेला सांगून ती बंद करून घ्यावी. तसा हक्क खातेदाराला आहे. कार्ड हरवले तर त्याच घटकेला बँकेला कळवावे.

आणि शेवटची शंका : रेडिओ बिल्ला असला म्हणजे लबाडी बंद होईल काय? नाही. एका कानातला बिल्ला काढून दुसऱ्या कानात घालणारे हात जगात आहेतच. म्हणूनच काही देशांनी बिल्ला पोटात ठेवून पाहिला. बोट्स्वाना देशाने २००० सालच्या सुमारास आपल्या गुरांना चिनी मातीच्या गोळीत बसवलेला रेडिओ बिल्ला गिळवला. जड असल्यामुळे ती गोळी जाळीच्या पोटात बसून राहते. पण असे केले तरी नोंद ठेवणारा माणूस प्रामाणिक व जागरूक हवाच. यंत्राने वाचन सोपे होते, खरेपणा माणसालाच सांभाळावा लागतो.

काय करावे

१. बिल्ला मारताना डॉक्टरांनी नोंद केली की ती त्यांच्या मोबाइलवर पाहून घ्यावी. मालकाचे नाव, गाव, जनावराची जात, वय, वेत बरोबर आहे ना ते विचारावे. विचारण्यात संकोच नको.

२. घरी एक साधी वही ठेवावी. प्रत्येक जनावराला एक पान : बिल्ल्याचा क्रमांक, रंग, शिंगे, अंगावरची खूण, लस, रेतन, व्यायल्याची तारीख. आकडे दोनदा वाचून लिहावेत. बारापैकी एक आकडा चुकला तर ती दुसऱ्याच कोणाची तरी गाय होते.

३. जनावराचा मालकाबरोबर एक व नुसत्या तोंडाचा एक असे फोटो काढून ठेवावेत, आणि बिल्ला कानात असताना क्रमांक दिसेल असा तिसरा. गाईच्या नाकावरच्या रेषा माणसाच्या अंगठ्यासारख्या प्रत्येकीच्या निराळ्या असतात. नाकाचा जवळून काढलेला स्पष्ट फोटो उपयोगी पडतो.

४. बिल्ला पडला तर त्याच दिवशी पशुवैद्यकास कळवावे. नवा बिल्ला मारून घ्यावा व जुन्या क्रमांकाच्या जागी नव्याची नोंद करवून घ्यावी. विमा असेल तर विमा देणाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी. पडलेला बिल्ला जपून ठेवणे पुरेसे नाही.

५. जनावर विकले, विकत घेतले, बहिणीच्या घरी दिले किंवा मेले, तर नोंद बदलून घ्यावी. विकलेली गाय आपल्या नावावर आणि घेतलेली परक्याच्या नावावर राहू देऊ नये.

६. विमा उतरवण्याआधी विचार करावा तो हप्त्याचा नव्हे, तर दाव्याचा. राष्ट्रीय योजनेत २०२४ साली शेतकऱ्याचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणण्यात आला आहे. पण जनावर दगावल्यास किती वेळात कळवायचे, कोणाचा दाखला लागतो, बिल्ला कसा दाखवायचा हे आधीच विचारून वहीत लिहून ठेवावे.

७. गाय गाभडली तर हातमोजे घातल्याशिवाय काही हाताळू नये. वासरू व जार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. दूध उकळल्याशिवाय कोणीही, विशेषतः मुलांनी, पिऊ नये.

शेवटी

मावशींनी ह्या वर्षी कालवड वाढवायला घेतली आहे. तिच्या कानात नवा पिवळा बिल्ला आहे आणि भिंतीवरच्या क्रुसाशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. कालवडीचे नाव चांदी. वहीत नाव वर आहे, क्रमांक खाली.

कोणी म्हणेल, आपली जनावरे आपण नावाने ओळखतो, क्रमांक हवा कशाला? प्रश्न योग्य आहे. योहानच्या शुभवर्तमानातला चांगला मेंढपाळही आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. पण लूकच्या शुभवर्तमानातला तो दुसरा मेंढपाळ आठवा, ज्याचे शंभरांतले एक मेंढरू हरवले. एक कमी आहे हे त्याला कळले, कारण संध्याकाळी त्याने मोजले होते. नावाने ओळखणे ही माया, आणि मोजून नोंद ठेवणे ही त्याच मायेची दुसरी बाजू. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर घरी गेलात की प्रत्येकाने आपल्या गोठ्यातल्या जनावरांचे कान एकदा पाहावेत आणि आकडे कागदाशी ताडून घ्यावेत, एवढीच आमची विनंती.